आधी खेळाडू, मग राणी : झाशीच्या लक्ष्मीबाईंच्या व्यायामाची गोष्ट

गोरेगाव : मृग लागला की आपल्याकडे पऱ्हे टाकायची घाई सुरू होते. बियाणे, खत, नांगरणी यातून कोणाला डोके वर काढायला सवड नसते. त्याच गडबडीत १८ जून ही तारीख येते आणि निघून जाते. हा झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांचा स्मृतिदिन.

राणी म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यासमोर एकच चित्र उभे राहते. घोडा, हातात तलवार, पाठीला बांधलेले मूल. शाळेच्या गॅदरिंगमध्ये दरवर्षी कोणती तरी पोरगी राणी होते आणि टाळ्या घेते. पण ते चित्र एका दिवसात तयार झाले नाही. त्याच्यामागे लहानपणापासून केलेला व्यायाम आहे, लग्नानंतर बंद पडलेला व्यायाम आहे आणि नवरा गेल्यावर पुन्हा सुरू केलेला व्यायामही आहे. राणी होण्याच्या आधी लक्ष्मीबाई ही आजच्या भाषेत सांगायचे तर खेळाडू होती. ती गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

काशीत जन्म, बिठूरला लहानपण

लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मनकर्णिका. घरी सगळे मनू म्हणत. जन्म काशीचा, तारीख १९ नोव्हेंबर. सालाबद्दल दोन मते आहेत. कोणी १८२८ धरतात, कोणी १८३५. वडील मोरोपंत तांबे, आई भागीरथीबाई. घर मराठी, पण पोट भरायला गाव सोडून दूर गेलेले. दुसरा बाजीराव पेशवा याचा भाऊ चिमाजी अप्पा काशीला राहत होता. मोरोपंत त्याच्या पदरी होते.

चिमाजी अप्पा वारला आणि मोरोपंतांची नोकरी गेली. मग ते बिठूरला बाजीरावाकडे आले. बिठूर म्हणजे कानपूरजवळ गंगेच्या काठावरचे गाव. १८१८ मध्ये इंग्रजांनी पेशवाई बुडवली, बाजीरावाला वर्षाला आठ लाख रुपये पेन्शन दिली आणि पुण्यापासून इतक्या लांब नेऊन ठेवले. राज्य गेले, पण वाडा होता, माणसे होती, घोडे होते आणि आखाडाही होता.

मनू चार वर्षांची असताना आई गेली. घरात दुसरी बाई माणूस नाही. मोरोपंत पोरीला सोबत घेऊन वाड्यावर जात. त्यामुळे मनूचे लहानपण चुलीजवळ गेले नाही. ते पुरुषांच्या बैठकीत आणि पोरांच्या मैदानात गेले. बाजीरावाने दत्तक घेतलेला नानासाहेब, पुढे पेशवा म्हणून लढलेला रावसाहेब, तात्या टोपे ही सगळी मंडळी त्याच वाड्यातली. पोरगी दिसायला गोड, बोलायला चटपटीत. बाजीराव तिला लाडाने छबिली म्हणत.

पोरे घोड्यावर बसली की मनूही बसे. पोरे तलवार फिरवू लागली की तीही फिरवे. त्या काळात पोरीला अक्षर ओळख करून देणेही लोकांना पटत नसे. तिथे मनू लिहा-वाचायलाही शिकली. आई नाही म्हणून पोरगी वाया गेली असे कोणी म्हटले असेल तर नवल नाही. पण जे इतर मुलींना मिळाले नाही ते या आईविना पोरीला मिळाले.

मल्लखांबाचा आखाडा

बिठूरच्या या आखाड्याची गोष्ट थोडी वेगळी सांगायला हवी. बाजीरावाच्या पदरी बाळंभट दादा देवधर नावाचे मोठे व्यायामगुरू होते. मल्लखांब ही कला जुनी, पण मध्यंतरी विसरत चालली होती. तिला पुन्हा उभे करण्याचे श्रेय बाळंभट दादांना दिले जाते. निजामाकडच्या अली नावाच्या नामी पहिलवानाने पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिले, तेव्हा हा तरुण बाळंभट पुढे आला. त्याने सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन सराव केला आणि येऊन अलीला चीत केले, अशी आखाड्यातली माणसे पिढ्यान्पिढ्या कथा सांगत आली आहेत. पेशवाई गेल्यावर बाळंभट दादाही बिठूरला गेले. त्यांच्या शिष्यांनी पुढे ठिकठिकाणी मल्लखांब नेला.

मल्लखांब आपल्याकडच्या पोरांनी १५ ऑगस्ट, २६ जानेवारीच्या कार्यक्रमात किंवा मोबाईलवर पाहिलेला असतो. जमिनीत पुरलेला लाकडी खांब, खाली जाड, वर निमुळता. त्याला एरंडेल तेल लावतात, म्हणजे अंग घासले जात नाही. मांड्यांनी, बगलेने, पायाच्या पकडीने त्या खांबाला धरायचे आणि वर अंग फिरवायचे. कुस्तीगीराची पकड पक्की व्हावी, अंग लवचिक व्हावे यासाठी हा व्यायाम. घोड्यावर बसणाऱ्याला तर तो फारच उपयोगाचा, कारण घोडासुद्धा मांड्यांच्या पकडीनेच आवरला जातो. हात लगाम आणि तलवारीसाठी मोकळे राहतात.

मनू ज्या वाड्यात वाढली तिथला व्यायाम हा असा होता. नुसती हौस नव्हती. शिस्तीने, रोज, पहाटे करायचा.

पोरगी राणी झाली, व्यायाम थांबला

१८४२ मध्ये मनूचे लग्न झाले. नवरा झाशीचा राजा गंगाधरराव नेवाळकर. नेवाळकर घराणे मूळ कोकणातले, रत्नागिरीकडचे. पेशव्यांनी त्यांना बुंदेलखंडात सुभेदार म्हणून पाठवले आणि पुढे ते तिथले राजे झाले. गंगाधरराव वयाने मनूपेक्षा बरेच मोठे. पहिली बायको वारलेली. लग्न झाशीच्या गणेश मंदिरात लागले. सासरी मनूचे नाव लक्ष्मीबाई ठेवले.

एका नोकरदाराच्या आईविना पोरीला राजा मिळाला, यापेक्षा मोठे नशीब त्या काळात कोणते म्हणायचे? मोरोपंतही लेकीसोबत झाशीला आले. पण या नशिबाची एक किंमत होती.

गंगाधररावांना नाटकाचा मोठा नाद. स्वतःही नाटकात काम करत, बायकांच्या भूमिकासुद्धा घेत. संस्कृत पोथ्यांचा चांगला संग्रह त्यांनी केला. कारभार नीट चालवला. पण स्वभाव कडक होता आणि राणी म्हणजे पडद्यात राहणारी बाई, हीच त्या घराची रीत होती. बिठूरला मोकळे धावणाऱ्या पोरीला आता वाड्याच्या भिंती आल्या. उघड्या मैदानात घोडा नाही, आखाडा नाही. सासरच्या रीतीने राहायचे. जी गोष्ट कुठल्याही घरच्या सुनेला सांगितली जाते, तीच राणीलाही लागू झाली.

१८५१ मध्ये मुलगा झाला. झाशीत साखर वाटली गेली. पण बाळ तीन-चार महिन्यांतच गेले. गंगाधररावांनी त्या दुःखाने जी हाय खाल्ली ती शेवटपर्यंत सुटली नाही. आजार वाढत गेला. शेवट दिसू लागला तेव्हा २० नोव्हेंबर १८५३ रोजी त्यांनी घराण्यातलाच आनंदराव नावाचा मुलगा दत्तक घेतला. त्याचे नाव दामोदरराव ठेवले. दत्तकविधी इंग्रज अधिकाऱ्यांच्या समोर केला, म्हणजे पुढे कोणी शंका घेऊ नये. दुसऱ्याच दिवशी, २१ नोव्हेंबरला, राजा गेला.

झाशी आणि नागपूर, एकाच वेळी

इथे आपल्या भागाचा संबंध येतो. गंगाधरराव गेल्यानंतर तीनच आठवड्यांत, डिसेंबर १८५३ मध्ये, नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले वारले. त्यांनाही मुलगा नव्हता. आजचा गोंदिया जिल्हा, जो १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचा भाग होता, तो सगळा मुलूख तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात.

गव्हर्नर जनरल डलहौसीचा नियम असा की राजाला पोटचा मुलगा नसेल तर दत्तक चालणार नाही, राज्य कंपनी सरकारचे. १८५४ मध्ये या एकाच नियमाने झाशी गेली आणि नागपूरही गेले. म्हणजे झाशीच्या राणीवर जे संकट आले तेच वैनगंगेच्या काठावरही आले. नागपूरच्या भोसल्यांच्या वाड्यातले हत्ती, घोडे, दागिने इंग्रजांनी लिलावात काढले, हे इतिहासात नोंदलेले आहे. राणीची लढाई ही कुठल्या तरी परक्या मुलखाची गोष्ट नाही. सातबाऱ्यावर वारसाचे नाव चढले नाही तर काय होते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. इथे तर सगळ्या राज्याच्याच वारसाचे नाव खोडले होते.

राणी लगेच तलवार घेऊन उठल्या नाहीत. त्यांनी आधी अर्ज केले. जॉन लँग नावाच्या वकिलाला बोलावून सल्ला घेतला. जुने करार दाखवले. लंडनपर्यंत दाद मागितली. सगळीकडून नकार आला. महिना पाच हजार रुपये पेन्शन ठरली, किल्ला सोडून शहरातल्या वाड्यात राहायला सांगितले. वर राजाचे कर्ज पेन्शनीतून कापायची भाषा झाली. अर्ज, हेलपाटे, नकार हा सगळा त्रास या बाईने तीन वर्षे सोसला.

पुन्हा मल्लखांब

त्या काळी विधवेचे आयुष्य म्हणजे एक कोपरा आणि पांढरे लुगडे. पण लक्ष्मीबाईंनी याच काळात ती गोष्ट केली जी सासरी सुटली होती. व्यायाम पुन्हा सुरू केला.

याची साक्ष एका मराठी माणसाने लिहून ठेवली आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहरातच होते. परत आल्यावर त्यांनी जे पाहिले ते लिहिले. ते पुस्तक माझा प्रवास या नावाने १९०७ मध्ये छापले गेले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे राणींना कसरतीचा भारी नाद होता. पहाटे उठून मल्लखांब, मग जोर, मग जोडी, आणि त्यानंतर घोड्याची रपेट. क्वचित हत्तीवरही बसत. मग स्नान, पूजा आणि त्यानंतर राज्याचा कारभार. घोड्याची पारख त्यांच्याइतकी कोणाला नाही, अशी त्यांची ख्याती होती.

जोर म्हणजे दंड. जोडी म्हणजे दोन जड मुद्गल हातात घेऊन खांद्यावरून फिरवणे. वर्षानुवर्षे सवय मोडलेल्या अंगाला हे पुन्हा लावणे सोपे नसते. बाळंतपण झालेले, पोटचे मूल गेलेले, नवरा गेलेला. तरी त्यांनी ते केले. त्यांच्या भोवतीच्या बायकाही घोड्यावर बसायला, हत्यार धरायला शिकल्या. कोरी समाजातल्या झलकारीबाईचे नाव बुंदेलखंडात आजही गावोगावी घेतले जाते.

१८५७ चे वर्ष

जून १८५७ मध्ये झाशीतल्या शिपायांनी बंड केले. किल्ल्यात अडकलेले इंग्रज शरण आले, तरी ८ जूनला बंडवाल्यांनी झोकनबागेत त्यांना मारले. त्यात बायका आणि मुलेही होती. इंग्रजांनी याचा दोष राणींवर ठेवला. पण तेव्हा राणींच्या हातात ना फौज होती ना किल्ला, आणि ती कत्तल त्यांच्या हुकमाने झाली नाही, असे अनेक अभ्यासकांचे म्हणणे आहे. बंडवाले पैसे उकळून दिल्लीकडे गेले. राणींनी जबलपूरला कमिशनर अर्स्किन याला पत्र लिहून सगळी हकीकत कळवली. त्यानेही सरकार परत येईपर्यंत झाशीचा कारभार तुम्हीच पाहा असे उत्तर दिले.

राणींनी कारभार हाती घेतला. करेरा किल्ला बळकावून बसलेल्या सदाशिवरावाला हटवले. शेजारच्या ओरछा राज्याची फौज नथेखान घेऊन आला, त्यालाही परतवले. तोफा ओतल्या, दारूगोळा जमवला. दरबारात त्या कधी पायजमा, अंगरखा आणि फेट्यात येत, कधी साध्या पांढऱ्या पातळात.

२१ मार्च १८५८ ला जनरल ह्यू रोज फौज घेऊन झाशीपुढे आला. वेढा बसला. गौसखानासारखे गोलंदाज तोफांवर होते. कडक बिजली नावाची तोफ आजही झाशीच्या किल्ल्यावर दाखवतात. दिवसा तटाला खिंडार पडे, रात्री ते बुजवले जाई. झाशीच्या बायका तोफांजवळ दारूगोळा नेत होत्या, दगड वाहत होत्या, हे इंग्रजांनी स्वतः पाहून लिहिले आहे. तात्या टोपे वीस हजारांच्या आसपास फौज घेऊन मदतीला आले, पण १ एप्रिलला बेतवा नदीजवळ त्यांचा पराभव झाला. ३ एप्रिलला इंग्रज शहरात घुसले. त्यानंतर झाशीत जी लूट आणि कत्तल झाली तिचे वर्णन गोडसे भटजींनी केले आहे. ते वाचवत नाही.

एका रात्रीची दौड

४ एप्रिलच्या रात्री राणी किल्ल्यातून निघाल्या. पुतळ्यांत आणि चित्रांत त्यांच्या पाठीला तान्हे बाळ दिसते. खरे तर दामोदरराव तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता. तिसरी-चौथीतला पोरगा पाठीशी घेऊन, अंधारात, शत्रूच्या वेढ्यातून घोडा काढायचा होता. किल्ल्यावरून घोड्यासकट उडी मारली ती जागा आजही लोकांना दाखवतात.

सकाळी भांडेर गावाजवळ इंग्रज घोडेस्वारांनी गाठले. त्यांच्या पुढे असलेला लेफ्टनंट जखमी होऊन मागे पडला आणि राणी निसटल्या. पुढे काल्पी. झाशी ते काल्पी शंभर मैलांच्या घरात, म्हणजे साधारण १६० किलोमीटर. गोंदियाहून नागपूर गाठायचे तेवढे अंतर. आज बसमध्ये बसून गेले तरी कंबर आखडते. राणींनी ते साधारण एका दिवस-रात्रीत घोड्यावर कापले. ही ताकद त्या एका रात्रीत कुठून आली नाही. पहाटेचे मल्लखांब, जोर आणि रपेट, तिथे ती साठवली गेली होती.

वडील मोरोपंत मात्र वाचले नाहीत. ते दतियाजवळ पकडले गेले आणि त्यांना झाशीत आणून फाशी दिले गेले. ज्या बापाने लेकीला मैदानात जाऊ दिले, त्याचा शेवट असा झाला.

काल्पीच्या वाटेवर एका विहिरीजवळ गोडसे भटजींची राणींशी गाठ पडली. अंगावर पठाणी पोशाख, सगळीकडे धूळ, तोंड सुकलेले. तहान लागली होती. भटजी पाणी काढून द्यायला पुढे झाले. राणींनी त्यांना थांबवले. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढणे बरे नाही म्हणून दोरी स्वतःच्या हातात घेतली, पाणी काढले आणि ओंजळीने प्याल्या. महिनाभरापूर्वी जिच्या दारात हत्ती झुलत होते ती बाई विहिरीवर स्वतः पाणी ओढत होती. भटजींना ते आयुष्यभर विसरता आले नाही.

शेवटची लढाई

मे महिन्यात कोंच आणि काल्पी इथे पेशव्यांच्या बाजूचा पराभव झाला. ऊन इतके की इंग्रज सैनिक उष्माघाताने पडत होते. तरी रावसाहेब, तात्या आणि राणी यांनी १ जूनला ग्वाल्हेर घेतले. शिंद्यांची फौज त्यांना येऊन मिळाली, जयाजीराव शिंदे आग्र्याला निघून गेले. ग्वाल्हेरला रावसाहेबांचा दरबार आणि जेवणावळी सुरू झाल्या. राणींना ते पसंत नव्हते. त्यांचे लक्ष लढाईच्या तयारीकडे होते.

रोज पाठोपाठ आला. १७ जून १८५८ ला ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय इथे लढाई झाली. इंग्रजांच्या घोडदळाने हल्ला केला. पुरुषी पोशाखात लढणाऱ्या राणी जखमी झाल्या. नवा घोडा ओढ्यापाशी अडला, असे सांगतात. त्यांच्या माणसांनी त्यांना जवळच बाबा गंगादास यांच्या मठाकडे नेले. तिथेच प्राण गेला आणि तिथेच घाईने अग्नी दिला, म्हणजे देह इंग्रजांच्या हाती लागू नये. आपल्याकडे स्मृतिदिन १८ जूनला पाळतात. वय कोणी २२ धरतात, कोणी २९. ज्याने त्यांना हरवले त्या ह्यू रोजनेच बंडाच्या सगळ्या पुढाऱ्यांत ही बाई सर्वांत शूर होती, असा दाखला लिहून ठेवला.

दामोदरराव वाचला. बरीच वर्षे हाल काढल्यावर त्याला इंदूरला थोडी पेन्शन मिळाली. तो १९०६ मध्ये वारला. झाशीचे राज्य त्याला कधीच मिळाले नाही.

नाव कुठे राहिले

१९४३ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सेनेत बायकांची पलटण उभी केली, तिला झाशीच्या राणीचे नाव दिले. १८५७ ला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९५७ मध्ये, सरकारने राणींच्या स्मरणार्थ ग्वाल्हेरला एक कॉलेज काढले. ते युद्धशास्त्राचे नाही, शारीरिक शिक्षणाचे आहे. आज ती लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था म्हणून देशभर ओळखली जाते आणि तिथून शिकलेले पीटीचे शिक्षक आणि प्रशिक्षक गावोगावच्या मुला-मुलींना खेळ शिकवतात. ज्या शहराजवळ राणी पडल्या, तिथेच त्यांच्या नावाने आता मुली धावतात.

गोरेगाव तालुक्यात पहाटे रस्त्याने निघाले की पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या पोरी दिसतात. कोणी कबड्डीत जिल्ह्यापर्यंत गेलेली असते. मग लग्न ठरते आणि पायातले बूट माहेरीच राहतात. सासरी कोणी विचारत नाही आणि पोरगीही सांगत नाही. मनूचेही असेच झाले होते. फरक एवढाच की तिने ते पुन्हा सुरू केले, आणि वेळ आली तेव्हा तेच कामी आले. त्यासाठी तिला आधी विधवा व्हावे लागले, ही त्या काळाची गोष्ट. आजच्या सुनेला तिच्या घरच्यांनीच पहाटे मैदानात जाऊ दिले, तर स्मृतिदिनाला हार नाही घातला तरी चालेल.